पटावर विशेष गरजांचं मूल आहे: वर्गशिक्षकाने काय, कधी, कसं करायचं

हे लिखाण पहिली ते पाचवीच्या वर्गशिक्षकांसाठी आहे. शाळा जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची, पट पंचवीस-तीसचा, बऱ्याचदा दोन इयत्ता एकाच खोलीत, आणि समावेशित शिक्षणाचे फिरते विशेष शिक्षक महिन्याकाठी एक-दोन चकरा मारणारे. ते येतात तेव्हा त्यांच्याकडून शिकून घ्यायचं. उरलेले वीस-बावीस दिवस मूल आपल्याच समोर बसलेलं असतं.

दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर ‘कर्णबधिर, ५५ टक्के’ असं लिहून येतं. तो आकडा सवलतींसाठी आणि योजनांसाठी लागतो. उद्याचा मराठीचा तास कसा घ्यायचा, हे त्यावरून कळत नाही. वर्गात कामाला येते ती वेगळी माहिती: मूल कुठल्या कामात आणि त्या कामाच्या कुठल्या पायरीवर अडतं. ती हाती आली की दाखला यायची वाट बघत बसावं लागत नाही.

पहिले दहा दिवस: बघा आणि लिहा

दोनशे पानी एक वही घ्या. प्रत्येक मुलासाठी समोरासमोरची दोन पानं, त्यावर चार रकाने: वेळ, काय करायला सांगितलं, काय झालं, त्याच्या लगेच आधी आणि नंतर काय घडलं. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं, दहा दिवस. एवढं पुरतं.

नोंद कशी नसावी: ‘लक्ष देत नाही. अभ्यासात कच्चा.’ यातून पुढे काहीच करता येत नाही.

नोंद कशी असावी: ‘फळ्यावरची ४ वाक्यं उतरवायला सांगितली. १० मिनिटांत दीड वाक्य. प्रत्येक अक्षरासाठी मान वर. तोंडी विचारल्यावर चारही वाक्यांचा अर्थ बरोबर सांगितला.’

या नोंदीवरून पुढची पायरी ठरते. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच लांबीची चार वाक्यं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून त्याच्या बाकावर ठेवा. आता भराभर उतरवली, तर अडचण अंतराची आहे; आधी डोळे तपासायला पाठवा. बाकावरूनही तितकाच वेळ लागला, तर वाक्यं सुट्या अक्षरकार्डांनी जुळवायला द्या. कार्डांनी नीट जुळतात पण लिहिताना हात अडतो, म्हणजे अडचण लिहिण्याच्या हालचालीत आहे. कार्डांनीही जुळत नाहीत, तर अक्षरांची ओळखच पक्की नाही. तीन दिवस, तीन छोटे बदल, आणि ‘कच्चा’ या शब्दाच्या जागी काहीतरी धरता येण्याजोगं सापडतं. एका वेळी एकच बदल करायचा. जागा, कागद आणि जोडीदार सगळं एकदम बदललं तर फरक कशाने पडला हे कळत नाही.

दोन गोष्टी मात्र अध्ययन अक्षमतेचा (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन, गणितात अडण्याचा) विचार करण्याआधीच बाजूला काढायच्या. पहिली, डोळे आणि कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. त्यांच्यासमोर आपली नोंदवही ठेवा, कारण पन्नास मुलांच्या रांगेत त्यांना एका मुलाची बारीक खूण दिसेलच असं नाही. पथक येऊन गेलं असेल तर ग्रामीण रुग्णालयात पाठवा. पावसाळ्यात ज्याचा कान वाहतो त्याला काही दिवस नीट ऐकू येतं, काही दिवस येत नाही. अशा मुलाला ‘मनात आलं की ऐकतो’ असा शिक्का बसतो.

दुसरी, भाषा आणि हजेरी. मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे पावरी, तांड्यावर गोरबोली बोलणारं मूल दुसरीत मराठीत अडखळलं तर तो दोष मुलाचा नव्हे. त्याच्या आजीला विचारा: घरच्या बोलीत गोष्ट सांगतो का, दुकानातून तीन वस्तू न विसरता आणतो का? उत्तर हो असेल तर त्याला मराठी शिकवायची गरज आहे, तपासणीची नाही. ऊसतोडीला आईबापांबरोबर दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत गेलेल्या मुलाचंही तेच. पाच महिने शाळाच नव्हती, तर अक्षरं विसरणारच.

यानंतरही शंका उरली तर एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ हे पडताळणी ॲप वापरा. पहिला भाग वर्गशिक्षकाने भरायचा, दुसरा विशेष शिक्षकाने. त्यातून फक्त ‘पुढे तपासायला हवं’ एवढंच निघतं, निदान होत नाही. म्हणून पालकांना ‘तुमचा मुलगा ऑटिस्टिक आहे’ असं कधीही सांगू नका. ‘हाक मारली की दहापैकी दोनदाच बघतो, मुलांत खेळायला जात नाही, एकदा डॉक्टरांना दाखवू या’ असं सांगा. सांगायचं ते आईला आणि वडिलांना एकत्र बसवून. एकट्या आईला सांगितलं की घरी गेल्यावर खापर तिच्यावरच फुटतं.

कानाचं यंत्र: रोज सकाळची दोन मिनिटं

यंत्र मिळालं म्हणजे काम झालं, अशी समजूत असते. बऱ्याच मुलांच्या कानात बंद पडलेलं यंत्र आठवडेच्या आठवडे असतं आणि कुणाला पत्ता नसतो. मूल स्वतःहून सांगत नाही. परिपाठाच्या आधी हे करा.

यंत्र काढून बघा. कानात बसणाऱ्या साच्याच्या भोकात मळ आहे का, नळी पिवळी पडून कडक झाली आहे का, नळीत पाण्याचे थेंब आहेत का. मळ असेल तर साचा यंत्रापासून वेगळा करून कोमट पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मगच जोडा. यंत्र मात्र पाण्याखाली धरायचं नाही.

यंत्र चालू करून मुठीत धरा. शिट्टीसारखा आवाज आला म्हणजे बॅटरीत जीव आहे. आवाज नाही, तर बॅटरी बदला. कानामागच्या यंत्रांना बहुतेक १३ नंबरची (नारिंगी चिकटपट्टी) किंवा ६७५ नंबरची (निळी चिकटपट्टी) बॅटरी लागते. पट्टी काढली की बॅटरी हवेवर चालू होते, म्हणून काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवा. पट्टी परत चिकटवून ती बंद होत नाही, त्यामुळे ‘बघू चालते का’ म्हणून चार पट्ट्या एकदम काढू नयेत. लहान बॅटरी साधारण आठवडा ते दोन आठवडे जाते. दोन जादा बॅटऱ्या कपाटात कुलपात ठेवा. मुलाने ही गोल बॅटरी गिळली तर घरगुती उपाय न करता तडक रुग्णालय गाठायचं.

यंत्र कानात घातल्यावर शिट्टी येत असेल तर साचा नीट बसलेला नाही, किंवा कान मोठा झाला आणि साचा लहान पडला, किंवा कानात मळ आहे. शिट्टी बंद व्हावी म्हणून आवाज कमी करून ठेवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. शिट्टी जाते, ऐकूही येईनासं होतं. वाढत्या वयात साचा वर्षातून एखादा बदलावाच लागतो.

शेवटी सहा आवाज: आ, ऊ, ई, म, श, स. मुलाच्या बाजूला, जरा मागे, आधी एक मीटरवर आणि मग दोन मीटरवर उभं राहून नेहमीच्या आवाजात एकेक म्हणा. ओठ दिसू देऊ नका. मुलाने तो आवाज परत म्हणायचा किंवा ऐकू आल्यावर डब्यात एक मणी टाकायचा. क्रम रोज बदला, आणि मध्ये कधी दहा सेकंद काहीच म्हणू नका. नाहीतर मूल ठेक्यावर मणी टाकत जातं. कालपर्यंत सहा यायचे आणि आज ‘श’, ‘स’ येत नाहीत, तर बॅटरी आणि नळी आधी बघा. तरीही दोन-तीन दिवस तसंच राहिलं तर ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) पाठवा. हे दोन आवाज हुकले की मराठीत मोठा घोटाळा होतो. ‘तू गेलास’, ‘तू केलंस’ यांतला शेवटचा ‘स’ त्याला ऐकूच येत नाही, मग तो ‘तू गेला’, ‘तू केलं’ असंच लिहितो, आणि आपण त्याला व्याकरणाची चूक म्हणून लाल रेघ मारतो.

बसायची जागा पहिल्या बाकावर मधोमध नको. तिथून फक्त शिक्षक दिसतात. मागच्या मुलाने उत्तर दिलं की याची मान फिरेपर्यंत उत्तर संपलेलं असतं. दुसऱ्या ओळीत कडेला बसवा, चांगला कान वर्गाकडे, खिडकी त्याच्या पाठीशी. शिक्षकाची पाठ खिडकीकडे असली की चेहरा अंधारात जातो आणि ओठ दिसत नाहीत. फळ्यावर लिहिता लिहिता बोलू नका: आधी लिहा, वळा, मग बोला. दुसऱ्या मुलाने दिलेलं उत्तर त्याचं नाव घेऊन एकदा पुन्हा म्हणा. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, त्यामुळे सुटा शब्द ओरडून तीनदा सांगण्यापेक्षा तो वाक्यात घालून सांगितलेला लवकर कळतो. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना यंत्र पावसाचाच आवाज वाढवतं. त्या वेळी तोंडी पाठ बंद, लेखी काम सुरू.

रोज संध्याकाळी यंत्र सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायला पालकांना सांगा. कोकणात तर हे जून ते सप्टेंबर टाळून चालतच नाही.

वाचनात अडणारं मूल: मराठी लिपीतल्या खाचा

इंग्रजी पुस्तकांतून आलेले डिस्लेक्सियाचे (वाचनातल्या अक्षमतेचे) उपाय जसेच्या तसे मराठीला लागू पडत नाहीत. b आणि d उलटे दिसण्याची चर्चा इथे फारशी कामाची नाही. आपल्या लिपीत मुलं वेगळ्या ठिकाणी अडतात.

एक म्हणजे सारखी दिसणारी अक्षरं: घ-ध, भ-म, थ-य, प-ष, ब-व. आणि ‘ख’ सुटा लिहिला की ‘रव’. अशा जोडीतली दोन अक्षरं एकाच आठवड्यात शिकवू नका. एक पक्कं होऊन दोन-तीन आठवडे गेले की दुसरं घ्या.

दुसरी खाच पहिल्या वेलांटीची. ती अक्षराच्या आधी लिहिलेली दिसते, पण उच्चार नंतर येतो. मूल डावीकडून एकेक आकार वाचत जातं आणि ‘कविता’चं ‘किवता’ करतं, ‘कपिल’चं ‘किपल’. यावर उपाय असा: ‘वि’, ‘पि’, ‘रि’ अशी वेलांटीसकट अक्षरं अखंड कार्डावर लिहा, वेलांटीचं वेगळं कार्ड करू नका. वाचनाच्या मजकुरात वेलांटी आणि तिचं अक्षर एकाच रंगाने अधोरेखित करा. साधारण महिनाभराने रंग काढून टाका, पण एकदम नको, आधी प्रत्येक ओळीतल्या निम्म्या ठिकाणचा.

तिसरी खाच ‘र’ची, आणि ती खरोखर वाईट आहे. सूर्य, चक्र, राष्ट्र, कुऱ्हाड: एकच आवाज, चार आकार. रफार तर उच्चाराच्या उलट जागी बसतो. ‘कर्म’ शब्दात ‘र’ आधी बोलायचा, दिसतो मात्र ‘म’च्या डोक्यावर. मूल ‘कमर’ वाचतं. चारही रूपं एका तक्त्यावर एकदम दाखवली की गोंधळ पक्का होतो, आणि नेमके तसेच तक्ते भिंतीवर लावलेले असतात. एक रूप, दहा ओळखीचे शब्द, दोन आठवडे, मगच पुढचं.

ऱ्हस्व-दीर्घ चुकतं म्हणून मात्र कुणाला तपासणीला पाठवू नका. ते मोठ्यांचंही चुकतं.

रोजची वीस मिनिटं अशी वाटा: पाच मिनिटं कालची कार्डं, आठ मिनिटं नवं, पाच मिनिटं त्याच अक्षरांचे शब्द आणि वाक्यं वाचणं, शेवटची दोन मिनिटं एक-दोन शब्द लिहिणं. आठवड्याला चारच अक्षरं. बाराखडी ओळीने पाठ करून घेण्यापेक्षा ज्यांच्यातून लगेच शब्द होतात असा गट घ्या: म, क, ल, स आणि काना. त्यातून काका, मामा, काम, माल, कमल, साल एवढे शब्द पहिल्याच आठवड्यात वाचता येतात. मूल ‘क ख ग घ’ घडाघडा म्हणत असेल तर खूश होऊ नका. मधलंच ‘ग’ कार्ड उचलून विचारा. पुष्कळदा ते पहिल्यापासून म्हणत तिथपर्यंत येतं, म्हणजे त्याला चाल पाठ आहे, अक्षर नाही.

वाचताना ओळ सुटत असेल तर जुन्या पोस्टकार्डाला बारा सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर उंच खिडकी कापून द्या. दर शुक्रवारी एक मिनिट वाचून घ्या, बरोबर वाचलेले शब्द मोजा आणि चौकटीच्या वहीत आलेखावर ठिपका द्या. सलग तीन आठवडे ठिपके एकाच पातळीवर राहिले तर तीच पद्धत अजून जोराने रेटू नका, पद्धत बदला.

निदानाचं म्हणाल तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा दाखला वयाच्या आठ वर्षांनंतर, म्हणजे साधारण तिसरीपासून मिळतो. मराठीतून तपासणीसाठी ‘डाली’ हा संच आहे, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी उतारा वाचायला लावून निष्कर्ष काढत असतील तर पालकांनी हटकावं. पहिली-दुसरीत दाखला नसतो, पण वरची वीस मिनिटं सुरू करायला तो लागतही नाही.

पंचवीसचे बावन्न

गणितातही भाषेचाच घोळ आहे. आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. मूल ऐकलं तसं लिहितं: ५२. ‘एकोणतीस’मध्ये त्याला ‘तीस’ ऐकू येतं, म्हणून ३९. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा तिची भरपूर थट्टा झाली. पण संख्या उलटी लिहिणाऱ्या मुलासाठी ती अतिशय कामाची आहे, आणि विशेष गरजांच्या मुलांना शिकवणाऱ्यांनी ती बिनदिक्कत वापरावी.

तुरीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा. ‘वीस’चं रुंद कार्ड, त्यावर एककाच्या जागी बसणारं ‘पाच’चं अरुंद कार्ड, एकावर एक ठेवलं की २५ दिसतात, उचललं की खाली शून्य दिसतं. आधी ‘वीस आणि पाच’ म्हणायचं, लिहायचं, आणि शेवटी ‘याला पंचवीस म्हणतात’. दोन्ही नावं शिकवायची, कारण बाजारात कुणी ‘वीस पाच रुपये’ म्हणत नाही. चौथीतलं मूल ८ + ३ करायला अजून एकपासून बोटं मोजत असेल तर पाढे पाठ करून घेण्यात वेळ घालवू नका. आठच्या पुढे मोजायला शिकवा.

उतार, खुर्ची, शौचालय

रॅम्पचा हिशोब सोपा आहे: एकास बारा. जोतं तीन पायऱ्यांचं, म्हणजे ४५ सेंटिमीटर असेल तर उताराची लांबी ५.४ मीटर लागते. जागा नाही म्हणून अडीच मीटरात उरकलेला रॅम्प कागदावर रॅम्प असतो. प्रत्यक्षात मूल स्वतः चढू शकत नाही आणि ढकलणारा पावसात घसरतो. सरळ जागा नसेल तर उतार वळवा आणि वळणावर दीड मीटरचा सपाट टप्पा ठेवा. रुंदी निदान १.२ मीटर, पृष्ठभाग ओल्या सिमेंटवर झाडूचे ओरखडे काढलेला, गुळगुळीत फरशी नको. चाक बाहेर पडू नये म्हणून कडेला वीतभराच्या आतला कठडा, दोन्ही बाजूंना धरायला नळ्या. गवंड्याला बिल देण्याआधी टेपने मोजा. आणि रॅम्प संपतो तिथे दाराचा उंबरठा नाही ना, तेही बघा. हे हमखास राहतं.

एवढं होईपर्यंत वर्ग जिचं जोतं सर्वांत कमी उंच आहे त्या खोलीत हलवणं मुख्याध्यापकांच्या हातात असतं आणि त्याला पैसा लागत नाही.

व्हीलचेअर शिबिरात मोठ्यांच्या मापाची मिळाली तर ती तशीच घेऊन येऊ नका. बैठकीची रुंदी मुलाच्या कमरेपेक्षा साधारण पाच सेंटिमीटर जास्त हवी. अठरा इंची खुर्चीत सात वर्षांचं मूल एका बाजूला कलंडतं आणि पाठीचा बाक वाढतो.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर पुरता ताबा नसणं) असलेलं मूल साध्या बाकावर बसत असेल तर पाय लोंबकळू देऊ नका. गोणपाटात गुंडाळलेल्या विटा पायाखाली ठेवा, कंबर मागे टेकवा, टेबल कोपराच्या उंचीला आणा. पाय टेकले की हात स्थिर होतो. अक्षर सुधारायला आधी पेन्सिल बदलतात, खरं तर आधी पाय बघायचे असतात. पोषण आहाराचं ताट सरकत असेल तर खाली ओलं फडकं घाला. भरवावं लागलं तर मान मागे झुकवून नाही, हनुवटी किंचित खाली ठेवून, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो.

शौचालयाचं दार बाहेर उघडणारं, ९० सेंटिमीटर रुंद, आत धरायला दांडे. यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ते उघडं असावं. दिव्यांग शौचालयाला कुलूप आणि चावी मुख्याध्यापकांच्या टेबलात, हे दृश्य इतकं नेहमीचं आहे की कुणाला खटकतही नाही. मूल मग दिवसभर पाणीच पीत नाही.

अल्पदृष्टी असलेल्या मुलासाठी थोडक्यात: अक्षर १८ पॉइंट किंवा मोठं, जाड काळा मार्कर, ठळक रेघांची वही, वाचायला तिरका फळकुट. चकाकणाऱ्या पांढऱ्या फळ्यापेक्षा नीट पुसलेला काळा फळा बरा. फळ्यावर लिहिताना मोठ्याने वाचत लिहा. ‘हे इथे बघा’ या वाक्यातून त्याला काहीही कळत नाही.

ओरडणं, पळणं, आपटणं

इथेही तीच वही. वागण्याच्या आधी काय झालं आणि नंतर त्याला काय मिळालं, हे दहा दिवस लिहिलं की पुनरावृत्ती दिसू लागते. नेहमी सापडणारं उदाहरण: गणिताचा तास सुरू झाला की मूल ओरडतं, शिक्षक बाहेर उभं करतात, मूल शांत होतं. सगळ्यांना वाटतं शिक्षा लागू पडली. मुलाने शिकलेली गोष्ट मात्र अशी की ओरडलं की गणितातून सुटका होते. उद्या ते आणखी लवकर ओरडेल.

त्याऐवजी सुटकेचा सभ्य रस्ता द्या. दिवसाला तीन ‘थांबू या’ कार्डं. कार्ड दिलं की पाच मिनिटं कोपऱ्यातल्या चटईवर, मग परत त्याच गणिताकडे. पहिल्या आठवड्यात तीनही कार्डं पहिल्या तासातच संपतील. चालू द्या, पण चौथं देऊ नका. गणित दहाऐवजी तीनच द्या. नंतर कार्डं दोन करा, गणितं पाच.

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलासाठी दिवसाची चित्रपट्टी लावा: परिपाठ, मराठी, खिचडी, खेळ, घर अशी पाच-सहा चित्रं, कपड्याच्या चिमट्यांनी सुतळीवर टांगलेली. एक काम संपलं की मुलाने स्वतः ते चित्र काढून डब्यात टाकायचं. तासिका बदलण्याआधी पाच मिनिटं आणि मग एक मिनिट आधी सांगा. अचानक सुट्टी जाहीर झाली, पाहुणे आले, वर्ग व्हरांड्यात बसवला, तर सगळ्यात आधी पट्टी बदला. परिपाठात लाउडस्पीकर कर्कश लागत असेल तर त्याला रांगेच्या शेवटी, कर्ण्यापासून दूर उभं करा. परिपाठातून कायमचं वगळू नका. एकदा वगळलं की मग सहलीतून, स्नेहसंमेलनातून, फोटोतूनही आपोआप वगळलं जातं.

मदतनीस म्हणून वर्गातली एकच शहाणी मुलगी वर्षभर जुंपण्याची पद्धत बंद करा. दर सोमवारी जोडीदार बदला. जोडीदाराने पान उघडून द्यायचं, सूचना पुन्हा सांगायची. उत्तर लिहून द्यायचं नाही, दप्तर उचलायचं नाही.

फिट आली तर

घड्याळ बघा. आजूबाजूची बाकं सरकवा, डोक्याखाली दप्तर किंवा दुमडलेला रुमाल ठेवा, गळ्याचं बटण सोडा, झटके ओसरू लागले की कुशीवर वळवा. दाबून धरायचं नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही. कांदा आणि चप्पल हुंगवायला धावणारे असतात, त्यांना मुलं बाहेर नेण्याचं काम द्या. पाच मिनिटांच्या वर चालली, लगेच दुसरी आली, किंवा पहिल्यांदाच आली असेल तर १०८ ला फोन. शुद्धीवर आल्यावर मूल थकलेलं असतं, अर्धा-एक तास झोपू द्या. किती वेळ चालली, कुठला हात आधी हलला, हे लिहून पालकांना द्या. डॉक्टर तेच विचारतात.

एका पानाचा आराखडा

वैयक्तिक शैक्षणिक आराखडा आठ पानांचा केला की तो फाइलमध्ये जातो. एक पान, तीन उद्दिष्टं, तीन महिने. ‘वाचनात प्रगती करेल’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘सध्या काना असलेले शब्द १० पैकी ३ वाचतो, सप्टेंबरअखेर १० पैकी ८ वाचेल, रोज २० मिनिटं वर्गशिक्षक, शनिवारी मोजणी’ हे उद्दिष्ट. तीनपैकी एक तरी शाळेबाहेर उपयोगाचं असू द्या: शर्टाचं बटण लावणं, दहाची नोट देऊन सुटे मोजून घेणं.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला बटण शिकवताना शेवटच्या पायरीपासून सुरुवात करा. बटण काजातून निम्मं आपण काढायचं, त्याने फक्त ओढायचं. ते जमलं की आपण काजात टोक घालून द्यायचं, उरलेलं त्याचं. असं मागे मागे सरकत जायचं. काम दर वेळी त्याच्या हातून पूर्ण होतं, त्यामुळे ते सोडून देत नाही.

परीक्षा आणि कागद

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे, आणि ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वयापर्यंत शिक्षण मोफत. दिव्यांग म्हणून सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. तीव्र किंवा बहुविकलांग मुलाला घरी शिक्षणाचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यात आहे, पण तो पालकांनी मागायचा असतो, शाळेने सुचवून सुटका करून घ्यायची नसते.

यू-डायसमध्ये (शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत) मुलाची नोंद योग्य प्रकारात झाली आहे का, हे स्वतः बघा. ‘अल्पदृष्टी’च्या जागी ‘अंध’ पडलं की मोठ्या टाइपाऐवजी ब्रेल पुस्तकं येतात. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), आधार आणि बँक खात्यावरचं नाव एकसारखं हवं. मुलींचा महिन्याला २०० रुपयांचा, दहा महिन्यांचा प्रोत्साहन भत्ता बहुतेक वेळा नावातल्या एका मात्रेपायी अडकतो.

घटक चाचणीतही सवलत द्या: तासाला निदान २० मिनिटं जादा, मोठा टाइप, गरजेनुसार तोंडी उत्तर. प्रश्नांचा प्रकार तोच, संख्या कमी. लेखनिक लागणार असेल तर सराव सहावी-सातवीपासून सुरू करायला पुढच्या शाळेला कळवा. उत्तर मनात जुळवून, वाक्य पूर्ण करून, विरामचिन्हांसकट सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. दहावीच्या पेपरला पहिल्यांदाच लेखनिक घेऊन बसलेलं मूल येत असलेलं उत्तरही अर्धंच सांगतं.

एप्रिलमधलं शेवटचं काम

वर्ग बदलतो तेव्हा वर्षभराची समज नोंदवहीतच राहते आणि पुढच्या शिक्षकाची जूनमध्ये पाटी कोरी. म्हणून निकालाबरोबर एक कागद द्या, हाताने लिहिलेला चालेल: कुठे बसवलं की नीट दिसतं किंवा ऐकू येतं, काय करून बघितलं आणि उपयोग झाला नाही, कशाने बिथरतं, कशाने शांत होतं, वाचनाचा शेवटचा आकडा, कुठलं औषध किती वाजता, जादा बॅटऱ्या कुठल्या कपाटात आणि शौचालयाची चावी कुणाकडे.